पाडव्याआधीचे ऊन

पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी इ. स. १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ सिद्ध केला, आणि पुढे दीड-दोन शतके महाराष्ट्रातील व्रते, उत्सव व दाने यांचा निर्णय बहुतांशी याच ग्रंथावरून होत आला. त्यात चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या कृत्यांमध्ये, नववर्षाचे पूजन आणि निंबाच्या पानांचे भक्षण यांच्या पंक्तीला प्रपादानाचा विधी सांगितलेला आहे: त्या दिवसापासून चार महिने वाटसरूंसाठी पाणपोई चालवावी, आणि ज्याची तेवढी ऐपत नसेल त्याने निदान रोज पाण्याने भरलेला एक घडा दान द्यावा. उन्हाळ्याच्या बंदोबस्ताला शास्त्रकारांनी धर्मकृत्याचा दर्जा दिला आणि त्याला एक तिथी नेमून दिली, यात मोठी व्यवहारदृष्टी होती; कारण जे काम तिथीला बांधलेले असते, ते कोणाच्या आठवणीवर किंवा मर्जीवर अवलंबून राहत नाही. पाडवा उजाडला की रांजण भरायचे, हा वऱ्हाडातील गावोगावचा शिरस्ता याच विचारातून रुजला. मात्र अलीकडे ऊन या तिथीची वाट पाहत नाही. फाल्गुन संपण्यापूर्वी, कधी कधी माघातच, वैशाखाची झळ अंगावर येते आणि गावातले रांजण अजून अडगळीतच पालथे पडलेले असतात.

ही नुसती वृद्धांची तक्रार नव्हे. सरकारी हवामानखात्याच्या दप्तरात १९०१ सालापासूनच्या नोंदी आहेत. त्यांत देशाच्या सरासरी कमाल तपमानाच्या हिशेबाने २०२२ चा मार्च हा तोवरचा सर्वांत तप्त मार्च ठरला, आणि लगोलग २०२३ चा फेब्रुवारी हा तोवरचा सर्वांत तप्त फेब्रुवारी ठरला. मैदानी प्रदेशात पारा निदान ४० अंशांवर गेला आणि त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा तो साडेचार अंश किंवा त्याहून अधिक चढला, म्हणजे त्या स्थितीला उष्णतेची लाट म्हणावे, असा या खात्याचा दंडक आहे. ४५ अंश झाले तर सरासरीचा हिशेबही पाहावा लागत नाही. या दंडकात एक मर्म आहे. मे महिन्यातल्या ४२ अंशांना वऱ्हाडी माणूस फारसे मनावर घेत नाही. पण तेच ४२ अंश मार्चच्या मध्याला आले तर ती आपत्ती असते, कारण त्या वेळी देह अद्याप थंडीच्या सवयीत असतो. घाम वेळेवर सुटणे, त्यातून क्षार कमी जाणे, रक्ताभिसरणाने उष्णतेशी जुळवून घेणे, हे सारे शरीराला आठ-पंधरा दिवसांच्या सरावाने साधते. अवकाळी आलेले ऊन तेवढी सवड देत नाही.

मोगल अमलात वऱ्हाडचे दोन भाग मानले जात: पूर्णेच्या खोऱ्याचा सखल पयानघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांवरचा बालाघाट. अकोला पयानघाटात, तर बासीम, म्हणजे आजचे वाशीम, बालाघाटात. अकोला शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्याही खाली, तर वाशीम साडेपाचशे मीटरांच्या आसपास. त्यामुळे अकोल्याचा उन्हाळा देशभर बदनाम झाला, तरी वाशीमच्या पठारावर रात्री थोडा वारा असे आणि येथील लोक त्या वाऱ्याच्या भरवशावर अंगणात बाज टाकून निजत. परंतु हा दिलासा सापेक्ष आहे. दोन्ही समुद्रांपासून दूर, काळ्या कातळावरच्या काळ्या जमिनीचा हा प्रदेश. पिके निघाली की ती जमीन उघडी पडते, तापते, भेगाळते. विसाव्या अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सूर्य वाशीमच्या नेमका माथ्यावर येतो, आणि वायव्येचे कोरडे वारे तोवर अखंड वाहत असतात. मार्चमध्ये सूर्य अजून दक्षिणेकडे कललेला असतो हे खरे, तथापि आकाश निरभ्र राहिले, वरच्या थरातली हवा खाली दाबली जाऊन तापत राहिली आणि होळीच्या सुमाराची एखादी सरही आली नाही, तर त्या कललेल्या सूर्याचेही ऊन पुरेसे जाळते.

सूर्याचा आणि या गावाचा संबंध फार जुना आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. चौथ्या शतकात सर्वसेनाने ती स्थापिली, आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शाखेतील हरिषेणाच्या राज्यात अजिंठ्याची उत्तमोत्तम लेणी कोरली गेली. त्या वेळचे नाव वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त विदर्भातील या नगराला मदनाचे क्रीडास्थान म्हटले आहे; म्हणजे कवींच्या लेखी हे वसंताचे नगर होते. ज्योतिषांच्या लेखी त्याचे महत्त्व निराळे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी जी भूमध्यरेखा भारतीय गणितकारांनी कल्पिली आणि जिच्यावरून देशोदेशीचा काळ मोजला, तिच्यावर कांचीनंतर आणि उज्जयिनीपूर्वी वत्सगुल्माचे नाव भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहला’त येते. ज्या गावावरून पंचांगाची रेषा गेली, त्या गावाच्या उन्हाळ्याचा विचार पंचांगाला सोडून करता येत नाही.

या पंचांगात एक गोष्ट अशी घडलेली आहे की जिच्याकडे उन्हाळ्याच्या संदर्भात सहसा लक्ष जात नाही. आपले चैत्रादि मास नक्षत्रांच्या हिशेबाने चालतात, ऋतू मात्र विषुवदिनाच्या हिशेबाने चालतात, आणि अयनचलनामुळे या दोहोंत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवसाचे अंतर पडत जाते. आजच्याच गणिताने मागे गेले तर वाकाटकांच्या काळी पाडवा ऋतुमानाच्या दृष्टीने आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी येत होता. आज तो मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही येतो. तेव्हाचा पाडवा आजच्या मोजणीने फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आला असता. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ साली नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग अमलात आले. पण ते सरकारी राजपत्रापुरते राहिले आणि गावाने आपला जुना पाडवा सोडला नाही. याचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे तिथी शतकानुशतके पुढे सरकत गेली, दुसरीकडे अलीकडच्या काही दशकांत ऊन मागे सरकत आले, आणि या दोहोंच्या मध्ये जो काळ मोकळा पडला, त्याला कोणत्याही रूढीचे छत्र उरले नाही. माझ्या मते आजच्या अवकाळी उन्हाळ्याची खरी अडचण येथे आहे.

रूढींनी सोय केली होती ती मात्र थोडी नव्हती. वाशीमच्या परिसरात एकशे आठ तीर्थे असल्याचे ‘वत्सगुल्ममाहात्म्या’ची परंपरा सांगते, ती संख्या श्रद्धेची मानली, तरी पद्मतीर्थासारखे बांधीव जलाशय आजही डोळ्यांसमोर आहेत. कारंज्याला ऋषी तलाव आहे. वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुअमली कारभार असताना साबाजी भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळू यांनी १७७९ साली वाशीमचे बालाजी मंदिर पूर्ण केले, आणि त्या मंदिराच्या लगत दगडी बांधणीचा देवतलाव आहे. देवालय उभारताना जलाशयाची तजवीज करणे हे त्या काळच्या कारभाऱ्यांना वेगळे काम वाटत नव्हते. तलावाच्या काठची हवा निवे, आसपासच्या विहिरींचे झरे जिवंत राहत, आणि पायऱ्यांवरच्या सावलीत दुपारी माणसे व जनावरे विसावत. कर वसूल करणाऱ्या सत्तेने रयतेला दिलेली ही मोबदल्याची वस्तू होती, आणि तिचे मोल दानपत्रांपेक्षा अधिक होते असे मला वाटते.

घरांचेही तसेच. बालाघाटातील जुने घर म्हणजे माळवद: हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी तुळयांवर किलच, त्यावर पाल्याचा थर आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचे जाड धाबे. उजेडासाठी आणि तापलेली हवा वर निघून जाण्यासाठी धाब्यात एक लहान साणे ठेवलेले असे. भिंतींची जाडी इतकी की दुपारचे ऊन आतपर्यंत पोचायला संध्याकाळ होई, आणि संध्याकाळी घरातली माणसे बाहेर अंगणात आलेली असत. भिंत रात्रभर ती उष्णता बाहेर टाकून पहाटेपर्यंत पुन्हा निवत असे. दर वर्षी मृगापूर्वी धाब्यावर नवी पांढरी माती पसरायची, ती पावसासाठी म्हणून; पण तिच्या पांढुरकेपणाने ऊनही परतवले जाई. आज या घरांच्या जागी पत्र्याची आणि सिमेंटच्या पातळ छताची घरे आली. पक्के घर असावे ही गरिबाची आकांक्षा रास्त आहे, आणि गळणाऱ्या धाब्यात ज्याने पावसाळे काढले त्याला माळवदाचे गोडवे सांगणे निष्ठुरपणाचे ठरेल. तथापि फाल्गुनाच्या दुपारी उघड्या पत्र्याखाली तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेली म्हातारी असणे म्हणजे काय, हे पाहिलेल्या माणसाला त्या पत्र्यावर निदान चुन्याची सफेदी किंवा पऱ्हाट्यांचे आच्छादन असावे, असे वाटल्यावाचून राहणार नाही.

पाणपोईची रचना थोडी तपशिलाने सांगण्याजोगी आहे. माघ-फाल्गुनात कुंभार उन्हाळ्याचे रांजण आणि माठ घडवू लागे. त्यांच्या मातीत तो लीद कालवी, कारण भाजताना ती जळून जाते व भांड्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन हवेत उडून जाते, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणूनच कोरड्या हवेच्या वऱ्हाडात माठाचे पाणी जितके गार होते तितके कोकणातल्या दमट हवेत होत नाही. नवा रांजण रात्रभर पाण्यात भिजवायचा, पहिली दोन पाणी ओतून टाकायची, मग तो वाळूच्या ओट्यात पोटापर्यंत पुरायचा आणि ती वाळू दिवसातून दोनदा शिंपायची. भोवती बांबूचे चार खांब, वर तुऱ्हाट्यांचा मांडव, त्यावर निंबाच्या किंवा जांभळीच्या डहाळ्या. रांजणाच्या तोंडावर लाल खारव्याचे ओले फडके, आत वाळ्याची जुडी, आणि पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे. तेथे बसवलेल्या म्हाताऱ्या बाईला गावकीतून धान्य मिळे. येणाऱ्याला आधी टेकू द्यायचे, हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि मगच पाणी द्यायचे, ही रीत ती बाई कटाक्षाने पाळी. उन्हातून आलेल्या माणसाने घटाघटा पाणी पिऊ नये हे शहाणपण त्या रीतीत होते. आज वैद्य जलसंजीवनी देतात तिच्यात साखर आणि मीठ दोन्ही असतात. कैरी उकडून केलेल्या गूळ-मिठाच्या पन्ह्यात आणि ज्वारीच्या अंबिलीत ताक-मीठ घालण्यात तीच योजना होती.

पण या पाण्याचा इतिहास लिहिताना एक गोष्ट लपवली तर तो इतिहास खोटा होईल. ज्या ओगराळ्याचे मी वर्णन केले, ते सर्वांच्या ओंजळीत सारखेच रिते होत नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसाला पाणपोईजवळ उभे राहता येत नसे. त्याला दुरून, उंचावरून, कधी बांबूच्या पन्हळीतून पाणी ओतले जाई, आणि वाढणारा कोणी नसेल तर भरल्या रांजणासमोरून तहानलेलाच तो पुढे जाई. गावाच्या बलुत्यातील सर्वांत उन्हातान्हाची कामे, वेसकरी, टपाल, सरकारी फर्मान गावोगाव पोचवणे, ही महारांकडे होती. म्हणजे ज्यांना पाण्याची गरज सर्वाधिक, त्यांनाच ते नाकारले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले तो दिवस २० मार्च १९२७, फाल्गुनातलाच. प्रपादानाच्या सगळ्या पुण्यकथांपेक्षा त्या एका दिवसाचे मोल मला अधिक वाटते, कारण पाणी ही दात्याची कृपा नसून पिणाऱ्याचा हक्क आहे, हे त्या दिवसाने प्रस्थापित केले. पुढे कोणतीही तजवीज करायची ती या पायावरच करावी लागेल.

इंग्रजी अमलात वऱ्हाड १८५३ च्या तहाने कंपनीकडे आले. साहेबलोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याच्या गारव्याला जात; रयत मात्र उन्हातच राही. बासीम हा १८७५ ते १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता आणि त्याच काळात १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. १८९१ ते १९०१ या दशकात या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे अकरा टक्क्यांनी घटली. दुष्काळी कामांवर भर उन्हात खडी फोडणाऱ्यांचा तो काळ होता. त्यानंतर वाशीमला पुन्हा जिल्ह्याचे स्थान १ जुलै १९९८ रोजी मिळाले.

अवकाळी उन्हाचा खरा घाव शेतीच्या वेळापत्रकावर बसतो. जुन्या वऱ्हाडात चैत्र-वैशाख हे शेताच्या विश्रांतीचे महिने होते. कपाशीची उलंगवाडी होऊन गेलेली, गहू-हरभरा खळ्यावरून घरात आलेला, पाडव्याला सालदाराचे नवे साल ठरलेले. वखरणी-नांगरट काय ती पहाटे उठून दहाच्या आत आटोपायची आणि दुपार निंबाखाली काढायची. लग्नाची वऱ्हाडे आणि यात्रेकरू गाड्या जुंपून रात्रीचा प्रवास करीत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला रामनवमीसाठी बंजारा समाज लाखोंनी लोटतो, तो मात्र भर चैत्रातच, आणि तेथील पाण्याची व्यवस्था ही आजही प्रशासनाची कसोटी असते. एकंदरीत ऊन सर्वांत कडक तेव्हा श्रम सर्वांत कमी, अशी ती घडी बसलेली होती. फाल्गुनातले ऊन ही घडी मोडते. तेव्हा गव्हाची आणि हरभऱ्याची सोंगणी ऐन भरात असते. पीक उभे ठेवले तर दाणा झडतो म्हणून मजूर बाया-माणसे भर दुपारी वाकून विळा चालवत असतात. तोच काळ दहावी-बारावीच्या परीक्षांचा. विदर्भातील शाळा जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिरा उघडतात, ही सवलत उन्हाळ्याच्या शेवटाला आहे. त्याच्या आरंभाला तशी सवलत नाही. पिकांनाही सवड मिळत नाही: दाणा दुधात असताना तापमान चढले तर गहू चिमतो, आणि अंबिया बहराची संत्री हरभऱ्याएवढी असतानाच गळून पडतात. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तरेकडचा गहू असाच चिमला, आणि त्या वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली.

तेव्हा तयारी ऊन येण्याआधी व्हायला हवी, आणि ती एखाद्या तिथीला बांधलेली असावी. माझी सूचना महाशिवरात्रीची आहे. त्या दिवशी थंडी संपली असे लोक मानतातच, गावोगावच्या शिवालयांत माणसे जमतातच, आणि वैशाखात पिंडीवर गळती बांधणाऱ्या गावाला देवाच्या आधी माणसाच्या डोक्यावर गारवा धरणे जड जाऊ नये. कुंभाराला पौषातच मागणी द्यावी. ग्रामपंचायतीने विहिरी-बोअरवेलांची आणि टाक्यांची पाहणी माघात करावी. वाशीम शहर एकबुर्जीच्या धरणावर अवलंबून आहे, त्यातील साठ्याचा हिशेब एप्रिलमध्ये मांडून उपयोग नाही. रोजगार हमीच्या आणि सोंगणीच्या कामाची वेळ पहाटे साडेपाचला सुरू करून अकराच्या आत संपवावी, आणि सोंगणीचा भाव ठरवतानाच दुपारची सुट्टी त्यात धरावी. मजुराने ती मागून घेण्याची वेळ येऊ नये. शेतात धुऱ्यावर एक तरी सावलीचा मांडव आणि माठ असावा. घरात एकटे राहणारे वृद्ध कोण, गरोदर बाया कोण, याची यादी आशाताईंकडे असतेच. त्या घरांत दुपारी एकदा डोकावण्याचे काम तरुण मंडळांनी वाटून घ्यावे.

आणि ऊन लागल्याची खूण प्रत्येकाला ठाऊक असावी. डोके दुखणे, मळमळ, गोळे येणे, चक्कर, ही पहिली सूचना होय. तेव्हाच सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, थोडे थोडे मीठ-साखरेचे पाणी पाजावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, कातडी तापून लाल झाली, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असो वा नसो. तेव्हा तोंडात पाणी ओतू नये, अंगावर ओतावे, ओली फडकी मानेला, काखेत आणि जांघेत ठेवून वारा घालावा, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा. गाडीची वाट पाहत बसू नये. अंग गार करणे हाच पहिला उपचार आहे आणि तो शेताच्या धुऱ्यावरही करता येतो.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी हा ठराव आपल्या इतिवृत्तात घ्यावा, अशी माझी विनंती आहे: गावची पाणपोई महाशिवरात्रीला सुरू होईल, ती मृगापर्यंत चालेल, आणि तिचे पाणी सर्वांसाठी एकाच ओगराळ्याने वाढले जाईल.